आयर्लंडचा मॅरेज बार आणि परतलेल्या स्त्रियांची पेन्शन : हिशेब कसा तपासावा

आयर्लंडमध्ये 1973 पर्यंत लग्न झालेल्या स्त्रीला सरकारी नोकरी सोडावी लागे, यालाच ‘मॅरेज बार’ म्हणत. प्राथमिक शिक्षिकांवरची ही बंदी 1958 मध्येच उठली होती. आमच्या सासूबाई कॉर्कच्या. 1966 मध्ये अठराव्या वर्षी त्या कारकून म्हणून लागल्या, 1971 मध्ये लग्न होताच घरी बसल्या आणि 1996 मध्ये पुन्हा नोकरीत आल्या. त्यांच्या पेन्शनचे कागद लावताना मला जे उमगले, ते अशाच कुटुंबांत सून किंवा जावई म्हणून गेलेल्या मराठी मंडळींना उपयोगी पडेल.

पहिले काम नोंदी एकत्र करण्याचे. समाजकल्याण खात्याकडून पीआरएसआय म्हणजे सामाजिक विम्याच्या हप्त्यांचा संपूर्ण उतारा मागवावा आणि अर्जात माहेरचे नाव आवर्जून लिहावे. पूर्वी लग्न झालेल्या स्त्रीला नवऱ्याचाच क्रमांक शेवटी ‘डब्ल्यू’ जोडून दिला जाई, त्यामुळे लग्नापूर्वीच्या नोंदी वेगळ्या क्रमांकाखाली पडून राहू शकतात. सासूबाईंच्या बिस्किटांच्या डब्यात 1971 च्या पगाराची चिठ्ठी निघाली. तिच्यावरचा क्रमांक खात्याच्या उताऱ्यात कुठेच नव्हता, आणि तो जोडून घ्यायला तीन पत्रे लिहावी लागली.

मग हप्ते कोणत्या वर्गातले आहेत ते पाहावे, कारण सगळी गोम इथेच आहे. 6 एप्रिल 1995 पूर्वी भरती झालेले कायम नागरी कर्मचारी कमी दराचा ‘बी’ वर्गाचा हप्ता भरत आणि तो सरकारी अंशदायी पेन्शनसाठी, म्हणजे विम्याच्या हप्त्यांवर मिळणाऱ्या वृद्धापकाळच्या पेन्शनसाठी, धरला जात नाही. त्या तारखेनंतर लागलेल्यांचा ‘ए’ वर्गाचा हप्ता मात्र धरला जातो. या पेन्शनसाठी किमान 520 आठवड्यांचे हप्ते प्रत्यक्ष भरलेले असावे लागतात.

नोकरी सुटली ती वर्षे इथे पूर्णपणे वाया जात नाहीत. एकूण हप्त्यांच्या पद्धतीत 2080 आठवड्यांना पूर्ण पेन्शन मिळते आणि बारा वर्षांखालील मुले सांभाळण्यात गेलेला काळ जास्तीत जास्त 1040 आठवड्यांपर्यंत धरता येतो. सासूबाईंनी 17 वर्षांत भरलेले 884 आठवडे आणि हे 1040 मिळून 1924 होतात, म्हणजे पूर्ण पेन्शनच्या साडेब्याण्णव टक्के. मुलांच्या भत्त्याच्या नोंदींवरून हा काळ सहसा सिद्ध होतो. पण 1974 पर्यंत तो भत्ता सर्वसाधारणपणे वडिलांच्या नावे निघे, म्हणून सासऱ्यांचेही कागद जपून ठेवावेत. 1 सप्टेंबर 1946 पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांना मात्र ही सवलत नाही, आणि बंदीचा जाच ज्यांनी सर्वाधिक सोसला त्यांनाच वगळणारी ही तारीख मला आजही खटकते.

नोकरीच्या पेन्शनचा, म्हणजे खात्यातल्या सेवेबद्दल मिळणाऱ्या पेन्शनचा, हिशेब वेगळा आहे. लग्नाच्या वेळी अनेकींना सेवेच्या वर्षांनुसार एकरकमी ‘मॅरेज ग्रॅच्युइटी’ दिली गेली आणि ती घेतली की आधीची सेवा पेन्शनमधून बाद होई. परतल्यावर ती रक्कम चक्रवाढ व्याजासह फेडली, तर जुनी वर्षे पुन्हा मोजली जातात. अजून सेवेत असलेल्या स्त्रीने निवृत्तीपूर्वी आस्थापना विभागाकडून व्याजासह एकूण रक्कम आणि वाढणारी वार्षिक पेन्शन असे दोन्ही आकडे लेखी मागवावेत. किती वर्षांत पैसे वसूल होतील याचा भागाकार केल्याशिवाय होकार देऊ नये, कारण पाव शतकाच्या चक्रवाढीने छोटी रक्कमही चांगलीच फुगते. ग्रॅच्युइटी मिळालीच नव्हती असे बाईंचे म्हणणे असेल, तर वैयक्तिक माहिती मागण्याच्या हक्काखाली सेवापुस्तिकेची प्रत मागवावी.

‘ए’ वर्गातल्यांची नोकरीची पेन्शन सरकारी पेन्शन गृहीत धरूनच आखलेली असते, त्यामुळे ती अपेक्षेपेक्षा कमी दिसली म्हणून लगेच चूक समजू नये. खरोखर चूक असेल, तर आधी कार्यालयातल्या अंतर्गत तक्रार प्रक्रियेतून जावे आणि मग वित्तीय सेवा व पेन्शन लोकपालांकडे तक्रार न्यावी. सरकारी पेन्शनच्या निर्णयाविरुद्ध मात्र समाजकल्याण अपील कार्यालयात, नकाराच्या पत्रात दिलेल्या मुदतीत अर्ज करावा. पत्राचे पाकीट टाकू नये, कारण त्यावरचा शिक्का मुदतीच्या वादात कामी येतो.