सहा ठिपक्यांचा भुंगेरा: ओळखायचा कसा, सांभाळायचा कसा

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की नाशिकजवळ मखमलाबादला आमच्या मळ्याच्या बांधावर दिवेलागणीला हा हमखास दिसतो. काळाकुळकुळीत, साधारण ४ सेंटिमीटर लांब. अंगावर सहा पांढरे ठिपके, दोन मानेवरच्या ढालीवर आणि चार पंखांच्या कवचावर. शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगुट्टाटा. उडता येत नाही, पण पळण्यात पटाईत.

नुसत्या ठिपक्यांवर जाऊ नका. मिशा दोऱ्यासारख्या असतात आणि डोळा व जबडा यांच्या मधून निघतात. भिंगातून पाय पाहा, सहाही पायांच्या टोकाला पाच-पाच पेरं दिसली पाहिजेत. मागच्या पायांना चारच असतील, तर तो कुजका पालापाचोळा खाणारा दुसराच काळा भुंगेरा आहे. बाजरीवर येणारे नारिंगी-काळे हिंगे मात्र हातात घेऊच नका, अंगावर फोड येतात.

आपला सहा ठिपक्यांचा भुंगेरा किडे मारून खाणारा शिकारी, तोही हाताने उचलायचा नाही. डिवचला की शेपटाकडून फॉर्मिक आम्लाची चिळकांडी मारतो. कातडीची आग होते आणि डोळ्यात गेलं तर काम कठीण. चष्मा लावा, बरणी आडवी धरा आणि कागदाने त्याला आत ढकला. तरीही डोळ्यात गेलंच, तर चोळू नका. नळाखाली १५ मिनिटं डोळा धुवा आणि थेट डॉक्टर गाठा. अंजनेरीच्या राखीव जंगलातून किंवा वनखात्याच्या हद्दीतून एकही किडा आणायचा नाही, हे मी प्रत्येकाला बजावते.

एका डब्यात एकच ठेवा. तळाला बोटभर उंचीची माती-वाळू घाला. एक कोपरा ओलसर आणि बाकी कोरडं, कारण सगळीकडे ओल राहिली की बुरशी धरते. लपायला फुटक्या कौलाचा तुकडा, झाकणाला बारीक जाळी, प्यायला ओला कापूस. डबा उन्हात नको.

खाण्याचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. नाकतोडा, रातकिडा, मीलवर्म (खाद्य म्हणून विकत मिळणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या) काहीही चालतं, पण द्राक्षबागेतलं कधीच नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्यांचा सपाटा असतो, आणि तिथला नाकतोडा म्हणजे विषाची पुडी. घरातलं औषध मारलेलं झुरळही तसंच. एका दिवसाआड एक किडा पुरतो. उरलेलं सकाळी काढून टाका, नाहीतर डब्यात माइट्स, म्हणजे कोळ्याच्या जातीचे अगदी बारीक जीव, होतात.

खाताना जरूर बघत बसा. भक्ष्य जबड्यात आवळून तो त्यावर पाचक रस सोडतो, आतलं मऊ झालं की ओढून घेतो. मागे उरतात पाय आणि रिकामं टरफल. मग पुढच्या पायाच्या खाचेतून एकेक मिशी ओढून साफ करतो. ही खाच याच्या कुळाची खूण, माझ्या मते ठिपक्यांपेक्षा बघण्यासारखी.

दोन-तीन दिवस खाणं टाकलं तर हट्ट नको. जिथून आणला त्याच बांधावर संध्याकाळी सोडून द्या. विकतचे मीलवर्म मात्र त्याच्यासोबत शेतात टाकू नका.