अंडं उकडताना काय तुटतं?

बीएस्सीच्या पहिल्या तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, "अंडं उकडलं की त्यातल्या प्रथिनातलं काय तुटतं?" मी ठसक्यात सांगितलं, "पेप्टाइड बंध." म्हणजे प्रथिनाचे मणी असलेल्या अमायनो आम्लांना साखळीत जोडणारे दुवे. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि पुढच्या मुलीला हाक मारली. गोव्याच्या कदंब बसमधून फोंड्याला पोचेपर्यंत विचार केला, तरी चूक काही सापडेना.

प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक, चतुर्थक ही प्रथिनाच्या रचनेच्या चार पातळ्यांची नावं मला पाढ्यासारखी यायची, तीही इंग्रजीत. चौथीपर्यंतच्या मराठी शाळेत प्रथिनं म्हणजे डाळ, मासे, अंडी. पुढे जे होतं ते सगळं घोकंपट्टीचं. तुम्ही हा विषय नव्याने घेत असाल, तर ही नावं जरा बाजूला ठेवा. एकच प्रथिन धरा आणि त्याचा पिच्छा पुरवा.

मी हिमोग्लोबिन धरलं, रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन. त्यात चार साखळ्या असतात: दोन अल्फा, प्रत्येकी 141 अमायनो आम्लांच्या, आणि दोन बीटा, प्रत्येकी 146 च्या. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलं की सिकलसेल हा रक्ताचा आजार. ग्लुटामिक आम्लाला पाणी मानवतं, व्हॅलीन पाण्यापासून अंग चोरतं. मग ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब काड्या होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. पाणी टाळणारी आम्लं आत, पाणी मानवणारी बाहेर, एवढं कळलं की साखळीची घडी का पडते ते निम्मं कळलं.

मग कोलॅजेन, कातडी, हाडं, हिरड्या धरून ठेवणारं प्रथिन. हा सुंभासारखा तीन पेडांचा दोर. त्याची तिहेरी पिळाची रचना 1954 मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. दर तिसऱ्या जागी ग्लायसीन, कारण पिळाच्या आत तेवढंच मावतं. क जीवनसत्त्व नसलं तर पीळ पक्का होत नाही, हिरड्यांतून रक्त येतं. आपल्या वास्को शहराला ज्याचं नाव आहे, त्या गामाचे खलाशी भारताच्या पहिल्याच सफरीत याने बेजार झाले होते.

अंड्याचं कोडं मात्र स्वयंपाकघरात सुटलं. आईने सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, भरपूर लिंबू पिळून ठेवलं होतं. चुलीवर जायच्या आधीच ती पांढुरकी, घट्ट दिसायला लागली. आच असो की आंबट, घडी धरून ठेवणारे नाजूक बंध सुटतात, आत दडलेले भाग उघडे पडतात आणि साखळ्या एकमेकींत गुंततात. साखळी स्वतः शाबूत राहते.

खात्री म्हणून पुढच्या प्रॅक्टिकलला बाय्युरेट चाचणी दोनदा केली. कच्च्या पांढऱ्या बलकात सोडियम हायड्रॉक्साइड आणि मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्याचे दोन थेंब घातले: जांभळा रंग. उकडलेला बलक कुस्करून त्यात तेच घातलं. हा रंग पेप्टाइड बंधांमुळे येतो. तोही जांभळाच झाला.