परदेशी मदतीचं धोरण बदलू पाहणाऱ्या संस्थांनो, या चुका टाळा

श्रीमंत देशांनी गरीब देशांना किती मदत द्यायची, कशासाठी आणि कुठल्या अटींवर, हे ठरवणारी माणसं फार थोडी असतात. अर्थमंत्रालयातले काही अधिकारी, जागतिक बँकेचे कार्यकारी संचालक, संसदेच्या एखाद्या समितीतले सदस्य. एकटी संस्था त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. म्हणून संस्था एकत्र येऊन नेटवर्क उभारतात. ब्रिटनमध्ये ‘बॉण्ड’ आहे, युरोपात ‘कॉन्कॉर्ड’, अमेरिकेत ‘इंटरॅक्शन’. आपल्याकडच्या ‘वादा न तोडो अभियाना’ची सुरुवात २००४ साली मुंबईत भरलेल्या जागतिक सामाजिक मंचातून झाली.

या नेटवर्कनी खरोखर मोठी कामं केली आहेत. त्यांच्या हातून निसटलंही पुष्कळ, आणि बहुतेक वेळा त्याच त्या कारणांनी निसटलं. माझ्या मते त्यामागे एकच गोष्ट असते. निर्णय कोण घेणार, कधी घेणार आणि कुठल्या कागदावर घेणार, याचा शोध न घेताच मोहीम सुरू होते, आणि घोषणा झाली की ती थांबते. अशा नेटवर्कमध्ये असलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या संस्थांनी पुढची उदाहरणं नीट पाहावीत.

मागणी मोघम ठेवणं

‘गरिबांना न्याय द्या’ या मागणीला कुठलाही मंत्री आनंदाने होकार देतो, कारण तिच्यात करण्यासारखं काहीच नसतं. ‘ज्युबिली २०००’ या कर्जमुक्तीच्या मोहिमेची मागणी वेगळी होती. गरीब देशांची फेडता न येणारी कर्जं २००० सालापर्यंत रद्द करा. काय, कोणाचं आणि कधीपर्यंत, तिन्ही एका वाक्यात. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅमला जी-८ या बड्या देशांच्या गटाची बैठक चालू असताना सुमारे ७० हजार लोकांनी मानवी साखळी केली. पुढच्याच वर्षी कोलोनच्या बैठकीत कर्जमुक्तीची योजना वाढवावी लागली. गर्दी महत्त्वाची होतीच, पण ती जिथे उभी होती तिथेच कर्ज देणारे देश बसले होते.

दुसरं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. मलेशियातल्या पेर्गाउ धरणाला ब्रिटनने २३.४ कोटी पौंडांची मदत कबूल केली. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असं मदत खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचं स्पष्ट मत होतं. या मदतीमागे शस्त्रविक्रीचा व्यवहार असल्याचंही बाहेर आलं. ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट’ ही संस्था न्यायालयात गेली, पण तिथे तिने मदत धोरणाच्या नैतिकतेवर भाषण केलं नाही. १९८० च्या कायद्यातलं एकच कलम धरलं. मदत विकासासाठीच देता येते, हा खर्च त्यात बसत नाही, म्हणून तो बेकायदा. १९९४ मध्ये उच्च न्यायालयाने ते मान्य केलं. पुढे २००२ च्या कायद्यात गरिबी कमी करणं हाच मदतीचा हेतू असल्याचं लिहिलं गेलं.

कायदा झाला म्हणजे जिंकलो, असं समजणं

ही चूक सगळ्यांत महाग पडली आहे.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम मदत म्हणून द्यावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये केला. ब्रिटनने हे उद्दिष्ट १९७४ मध्ये स्वीकारलं आणि गाठलं २०१३ मध्ये. मधल्या काळात सरकारं आली-गेली, पण संस्थांनी हा आकडा सोडला नाही. २०१५ मध्ये तो कायद्यात आला. आता कुठलंही सरकार मागे फिरू शकणार नाही, असं अनेकांना वाटलं.

पण उद्दिष्ट चुकलं तर काय, याचं उत्तर त्याच कायद्यात होतं. संबंधित मंत्र्याने संसदेपुढे कारणं सांगणारं निवेदन ठेवायचं, एवढंच. न्यायालयात दाद मागण्याची वाट कायद्यानेच बंद ठेवली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी ही रक्कम ०.५ टक्क्यावर आणत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा २०१५ चा कायदा जागचा हलला नव्हता. १३ जुलै २०२१ रोजी मतदान झालं आणि सरकार ३३३ विरुद्ध २९८ मतांनी जिंकलं. माजी पंतप्रधान थेरेसा मे यांनी स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं, तरीही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या पक्षाच्या सरकारने संरक्षण खर्चासाठी २०२७ पर्यंत हा आकडा ०.३ टक्क्यावर नेण्याचं ठरवलं. विकासमंत्र्यांनी राजीनामा दिला, निर्णय मात्र टिकला.

यात आणखी एक धडा आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. संस्थांची सगळी ऊठबस आंतरराष्ट्रीय विकास खात्यात होती. तिथले अधिकारी ओळखीचे, विषयाबद्दल आस्था असलेले. सप्टेंबर २०२० मध्ये ते खातं परराष्ट्र खात्यात विलीन झालं आणि वर्षानुवर्षं जोडलेले संबंध विस्कळीत झाले. कपातीचा निर्णय अर्थखात्यातला होता, आणि तिथे संस्थांचं वजन कधीच तेवढं नव्हतं. आपल्याला आवडणाऱ्या खात्यापेक्षा आपल्याला नकार देऊ शकणाऱ्या खात्यात ओळखी वाढवणं जड जातं, पण निम्मं काम तिथेच असतं.

म्हणून कायद्याचा मसुदा हाती आला की ‘पाळला नाही तर काय’ हे कलम सगळ्यांत आधी वाचा. ते कमकुवत असेल तर उद्दिष्टाचा आकडा थोडा कमी स्वीकारून ते कलम बळकट करण्यासाठी भांडावं, असं माझं मत आहे. अनेक कार्यकर्त्यांना ते पटणार नाही.

टक्केवारीच्या आत न पाहणं

मदतीचा आकडा वाढला तरी पैसा देशाबाहेर गेलेला नसू शकतो. २०२२ मध्ये ब्रिटनच्या एकूण मदतीपैकी सुमारे २९ टक्के, म्हणजे ३७० कोटी पौंड, ब्रिटनमध्येच निर्वासितांच्या राहण्या-खाण्यावर खर्च झाले. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाचा हा खर्च मदतीत धरता येतो. निर्वासितांना आसरा द्यायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचा भार मलावीतल्या दवाखान्याच्या पैशांवर का पडावा, हा प्रश्न नेटवर्कने विचारलाच पाहिजे. २००५ मध्ये जगाच्या मदतीचा आकडा विक्रमी झाला, त्यातही इराक आणि नायजेरियाच्या कर्जमाफीचा वाटा मोठा होता. आकड्यासोबत त्याची फोड मागा, आणि ती हाती येईपर्यंत अभिनंदनाचं पत्रक काढू नका.

ज्यांच्यासाठी लढायचं, त्यांना साक्षीदार करून ठेवणं

इथे नर्मदेकडे यावंच लागेल. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे महाराष्ट्रातलं बुडितात जाणारं पहिलं गाव. खोऱ्यातल्या लोकांनी आणि नर्मदा बचाओ आंदोलनाने गावोगावची माहिती गोळा केली: किती घरं, किती जमीन, पुनर्वसनाच्या जागी खरोखर काय आहे. वॉशिंग्टन आणि टोकियोतल्या संस्थांनी ती माहिती योग्य लोकांसमोर ठेवली. १९८९ मध्ये मेधा पाटकर यांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. १९९० मध्ये जपानने प्रकल्पाला द्यायचा आपला पैसा थांबवला. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीने १९९२ मध्ये बँकेला प्रकल्पातून मागे हटण्याचा सल्ला दिला आणि मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. त्याच वर्षी बँकेने तक्रारींसाठी ‘इन्स्पेक्शन पॅनल’ स्थापन केलं. पुढच्या वर्षी बँकेकडून मोठ्या धरणांना होणारा पतपुरवठा थांबवण्याची मागणी करणाऱ्या जाहीरनाम्याला ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी पाठिंबा दिला. त्या जाहीरनाम्याला नाव मणिबेलीचं होतं.

हे यश खरं आहे, आणि ते मिळालं कारण माहिती आणि मागणी दोन्ही खोऱ्यातून आली होती. पण धरण थांबलं नाही. बँक गेली तसा तिच्या पुनर्वसनाच्या अटींचा दाबही गेला. राज्यांनी स्वतःच्या पैशांनी काम पुढे रेटलं आणि २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचं लोकार्पण झालं. पैसे देणारा मागे हटल्यावर पुढे काय, याची आखणी नेटवर्कने आधीच करावी, आणि ती परिणाम भोगणाऱ्या माणसांसोबत बसून करावी.

‘ज्युबिली’तही हेच उशिरा लक्षात आलं. उत्तरेतल्या संस्था कर्ज माफ करा म्हणत होत्या. १९९९ मध्ये उभी राहिलेली ‘ज्युबिली साउथ’ म्हणाली, यातली पुष्कळ कर्जं मुळात अवैध आहेत, मग माफी कसली, आणि त्यासोबत येणाऱ्या अटी आम्ही का मानाव्यात? हा मतभेद मोहिमेच्या पहिल्या बैठकीत बोलला जायला हवा होता.

काम अडलं तर

नेटवर्कमध्ये एकमत होत नसेल तर मागणी पातळ करत नेऊ नका. सगळ्यांना मान्य अशा दोन-तीन गोष्टी नेटवर्कच्या नावाने मांडा. बाकीच्या ज्याने त्याने आपापल्या लेटरहेडवर मांडाव्यात. एका गटाने आत बसून बोलणी करावी आणि दुसऱ्याने बाहेर घोषणा द्याव्यात, यात गैर काहीच नाही. फक्त दोघांना एकमेकांचं काय चाललंय ते माहीत हवं.

अधिकारी गोड बोलतात पण काहीच हलत नाही, अशी तक्रार नेहमीची. बैठकीचं इतिवृत्त लेखी मागा, त्यात तारीख आणि जबाबदार व्यक्तीचं पद येऊ द्या. ते मिळालं नाही तर खासदारांकरवी प्रश्न विचारा, माहिती अधिकार वापरा. प्रकल्पाला जागतिक बँकेचा पैसा असेल तर दोन बाधित माणसंही एकत्र येऊन इन्स्पेक्शन पॅनलकडे जाऊ शकतात. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात विस्थापित झालेले दुकानदार आणि रहिवासी २००४ मध्ये असेच गेले. चौकशीनंतर मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने रोखून धरले. नर्मदेच्या लढ्यामुळे जन्मलेली यंत्रणा अशी मुंबईकरांच्या उपयोगी पडली.

पैशाचं गणितही आधीच मांडा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा भारतातला कायदा, यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेतलेली संस्था ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. एका मोठ्या संस्थेने परदेशी निधी घ्यायचा आणि गावपातळीवरच्या छोट्या संस्थांना वाटायचा, हा जुना मार्ग बंद झाला. तरीही त्याच पद्धतीने अंदाजपत्रक बनवणारी नेटवर्क आजही दिसतात. यात एफसीआरए नोंदणी गमवावी लागू शकते, म्हणून सीएला पहिल्याच बैठकीत बोलवा.

घोषणेच्या दिवशी तंबू उठवणं

२ जुलै २००५ रोजी एडिंबरामध्ये ‘मेक पॉव्हर्टी हिस्टरी’ या ब्रिटनमधल्या संस्थांच्या आघाडीच्या मोर्चाला सुमारे सव्वादोन लाख लोक आले. हातात पांढरे पट्टे, मागे ५०० हून अधिक संस्था. काही दिवसांत ग्लेनईगल्सला जी-८ने २०१० पर्यंत वार्षिक मदत ५,००० कोटी डॉलरने वाढवण्याचं वचन दिलं. ते पूर्ण पाळलं गेलं नाही. मुदत पाच वर्षांची होती, पण २००६ च्या सुरुवातीलाच आघाडी विसर्जित झाली होती. वचनाची मुदत संपेपर्यंत निदान दोन-तीन माणसांचा पगार आणि एक छोटं कार्यालय चालू राहील, एवढी तरतूद मोर्चाच्या खर्चाआधी करायला हवी.

‘ज्युबिली २०००’ही ठरल्याप्रमाणे त्या वर्षाअखेरीस थांबली, पण ब्रिटनमध्ये तिचं काम पुढे चालवणारी छोटी संघटना उभी राहिली. ‘डोनेगल इंटरनॅशनल’ या कंपनीने झाम्बियाचं जुनं कर्ज सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेऊन साडेपाच कोटींहून अधिक डॉलरचा दावा लावला होता, आणि २००७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने तिला सुमारे दीड कोटी डॉलर मिळवून दिले. अशा कंपन्यांना कर्जमाफीत आलेल्या देशांकडून पूर्ण वसुली करता येऊ नये, म्हणून या संघटनेने आणि तिच्या साथीदारांनी खासदारांचा पिच्छा पुरवला. एप्रिल २०१० मध्ये संसद बरखास्त होण्याच्या घाईत तसा कायदा मंजूर झाला. तो एका वर्षापुरताच होता. म्हणून त्यांनी पुन्हा तेच दरवाजे ठोठावले आणि २०११ मध्ये तो कायमचा करून घेतला.