फोनवर पहिली ऑडिओ स्टोरी करताय? मग आधी हे वाचा

मी बातमीदारी करते आणि पोरांना ऑडिओ शिकवते, आणि पहिल्या तासाला माईक बाहेरच काढू देत नाही. कारण आवाजावर माणूस लगेच विश्वास ठेवतो, म्हणून खरं-खोटं तपासायची सवय आधी लागली पाहिजे.

२०१२ चं बघा. अमेरिकेतल्या धिस अमेरिकन लाइफ या रेडिओ कार्यक्रमात जानेवारीत माइक डेझी या एकपात्री कलाकाराने चीनमधल्या, ॲपलची उत्पादनं बनवणाऱ्या कारखान्यांची गोष्ट सांगितली, प्रचंड गाजली. तपासणी करताना टीमने त्याच्या दुभाषी बाईचा नंबर मागितला होता, तो म्हणाला आता लागत नाही, आणि त्यांनी ते तिथेच सोडलं. मग चीनमध्ये काम करणाऱ्या रॉब श्मिट्झ या बातमीदाराने त्या बाईला शोधून काढलं, तर ती म्हणाली यातलं बरंच काही घडलंच नाही. मार्चमध्ये अख्खा एपिसोड मागे घेतला. म्हणून स्क्रिप्टमधल्या प्रत्येक नावापुढे, आकड्यापुढे ‘हे मला कसं कळलं’ ते लिहा, आणि जिथे लिहिता येत नाही तो भाग काढून टाका, कितीही आवडता असला तरी.

रेकॉर्डिंग सोपंय. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर आणि थोडा तिरका, म्हणजे प-फ-भ चे फटके बसत नाहीत. बोलणाऱ्याला हे कुठे वाजवणार ते आधी सांगा, आणि त्याचा होकार रेकॉर्ड करा. निघायच्या आधी अर्धा मिनिट सगळे गप्प बसा आणि तिथली शांतता रेकॉर्ड करा, एडिटमध्ये सांधे भरायला लागते. नेटवरून पावसाचा आवाज आणून त्या गावाचा म्हणून चिकटवू नका प्लीज.

खरी परीक्षा एडिटला असते. माझ्या एका विद्यार्थ्याने ऊसतोडीला जाणाऱ्या बाईंना विचारलं, मुकादमाने हिशोब पूर्ण केला का. त्या म्हणाल्या, “केला...” मग चार-पाच सेकंद काहीच नाही, नुसता बांगड्यांचा आवाज, आणि मग हळूच, “केला म्हणायचा.” याने वेळ वाचवायला पुढचं सगळं उडवलं, राहिलं फक्त “केला”. मुद्दाम नव्हतं केलं, पण बाईंच्या तोंडी उलटंच गेलं ना! मी त्याला ते सेकंद बांगड्यांसकट परत लावायला लावले, आणि स्टोरीतला सगळ्यात जिवंत तुकडा तोच निघाला. तर अं-ऊं, खोकला, तेच तेच परत बोललेलं खुशाल कापा, पण ‘पण’, ‘म्हणजे’, ‘कदाचित’ आणि उत्तराआधीची शांतता कापायच्या आधी मूळ फाइल परत ऐका. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली तर कधीच लावू नका.

मूळ फाइल वेगळी ठेवा, कापाकापी कॉपीवरच. आणि लावायच्या आदल्या दिवशी बोलणाऱ्याला फोन करून नाव, गाव, आकडे परत एकदा विचारून घ्या, दहा मिनिटं लागतात.