थोरल्या घोडीच्या जोडीनं शिंगरू तयार करताना

वडोदऱ्यात घोडा बाळगणारे आता थोडेच, त्यातही बरेचसे वरातीपुरते. सिंधरोट रस्त्यावरच्या आमच्या तबेल्यात दोनच जनावरं आहेत: १४ वर्षांची काठेवाडी घोडी शेवंती आणि पावणेतीन वर्षांचं शिंगरू. "घोडीबरोबर सोडून द्या, आपोआप शिकेल," असं मला पुष्कळांनी सांगितलं. शिकतं, हे खरं. पण घोडी करते ते सगळंच शिकतं. शेवंतीला ताडपत्रीची धास्ती आहे. शिंगरानं ती दोन दिवसांत उचलली आणि ती घालवण्यात माझे दोन महिने गेले.

म्हणून आधी थोरल्या घोडीची परीक्षा घ्या. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात मोकळा दोर, असं तिच्यावर बसून चालवून बघा. दोर तिच्या पुठ्ठ्याला लागू द्या, शेपटीखाली गेला तर काय करते ते पाहा. लाथ झाडत असेल किंवा एका हाताच्या लगामावर वळत नसेल, तर आधी तिचाच अभ्यास. शिंगरू नर असेल तर आणखी एक निर्णय लवकर घ्यावा लागतो. नर वर्षा-दीड वर्षात वयात येतो, त्यामुळे घोडीबरोबर ठेवायचा असेल तर पशुवैद्याशी बोलून वेळेत खच्ची करून घ्या. आपल्याकडे यासाठी जीव धजत नाही, पण नंतर दोन कुंपणं बांधण्यापेक्षा ते सोपं.

नवं जनावर आल्याबरोबर घोडीजवळ नेऊ नका. दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासून घ्या, धनुर्वाताची लस आणि जंताचं औषध झालंय ना ते बघा. मग काही दिवस कुंपणाआडून ओळख होऊ द्या. एकत्र सोडाल ते मोकळ्या मैदानात, खोलीत नाही; कोपऱ्यात सापडलेलं शिंगरू लाथा खातं. घोडीचे मागचे नाल त्याआधी काढून ठेवा. दोघांसाठी गवताचे तीन ढीग लांब लांब टाका, म्हणजे हाकललेल्याला जायला जागा राहते.

पाठीवर न बसता, खालून करायच्या कामांना रोज १०-१५ मिनिटं पुरतात: मोरकी (तोंडावरचा दोराचा साज) चढवणं, खरारा, चारही पाय उचलून देणं, बांधल्या जागी उभं राहणं. ओढ दिल्यावर शिंगरू एक पाऊल जरी पुढे आलं तरी दोर त्याच क्षणी सैल सोडा. सगळं शिक्षण त्या सैल सोडण्यात आहे. नालबंद आला की आधी शेवंतीचं काम, शिंगरू शेजारी उभं. हातोडीचा आवाज येतो आणि घोडी डुलक्या काढते, हे त्याला दिसलं पाहिजे.

खरी मजा पुढे, घोडीवर बसून शिंगराला बरोबर नेण्यात. सुती दोर ८-१० फुटांचा घ्या. तो हाताला गुंडाळायचा नाही, खोगिराला बांधायचाही नाही; बिथरलं तर सोडता आला पाहिजे. शिंगराचं तोंड तुमच्या गुडघ्याशी राहू द्या. पुढे गेलं तर घोडीच्या तोंडाशी खेळतं, मागे राहिलं तर तिच्या लाथेच्या टप्प्यात येतं. आधी कुंपणाच्या आत, नुसत्या चालीत. त्याच्या बाजूला वळलात तर घोडीचा खांदा त्याला सरकवतो, विरुद्ध वळलात तर त्याला पाय उचलावे लागतात. दोन्ही वळणं आणि दोन्ही बाजू शिकवा. रस्त्यावर मात्र शिंगरू डावीकडेच. अमेरिकेतल्या व्हिडिओंत ते उजवीकडे दिसतं, पण तिथे वाहनंही रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. इथे तसं केलंत तर शिंगरू थेट ट्रकच्या अंगाला येईल.

वडोदऱ्याची काही पथ्यं वेगळी. १४-१५ जानेवारीला, म्हणजे उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला, दोघांना बाहेर काढू नका. नंतरचा आठवडाभर झाडाझुडपांत, गवतात मांजा अडकलेला असतो, तो रोज वेचा. नवरात्रात गरब्याचा दणदणाट दुरून ऐकू येतो, ती सवय घोडीच्या सोबतीनं सुरेख लागते. विश्वामित्रीच्या काठी पाणी पाजायला नेऊ नका, मगरी आहेत. बंगल्यांच्या कुंपणाला कण्हेर असते. तिची थोडी पानंसुद्धा घोड्याच्या जिवावर बेततात.

एक काम दोघं एकत्र आल्यावर पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करा, नाहीतर पुढे फार जड जातं: ताटातूट. घोडीला दोन मिनिटं नजरेआड न्या, शिंगराजवळ माणूस आणि चारा ठेवा. मग पाच मिनिटं, मग अर्धा तास. ते खिंकाळत असताना घोडी परत आणू नका. क्षणभर गप्प झालं की आणा.

खोगिराची घाई करू नका. दोन पक्के दात आले की बसायचं, हा बाजारचा हिशेब. पण ते दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात आणि पाठीच्या कण्याची वाढ पाच वर्षांनंतरही थोडी चालू असते. आम्ही तीन वर्षं पूर्ण होण्याची वाट बघतोय. तोवर रिकामं खोगीर आणि सैल तंग (खोगिराचा पोटपट्टा) एवढंच. पहिल्यांदा बसताना शेवंती शेजारी उभी राहील. आधी पाठीवर पोटावर आडवं व्हायचं, मग बसायचं, मग तिच्या मागे १५ मिनिटं चालायचं. बसणारा हलकाच हवा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत, म्हणजे ३५० किलोच्या जनावरावर ७० किलो ही कमाल मर्यादा. कोवळ्या पाठीवर त्याहूनही कमी.

या सगळ्यात घोडीला विसरू नका. तिला जोडीचं काम आठवड्यातून दोन-तीनदाच द्या, उरलेले दिवस तिची तिला फेरी. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, दोघांना वेगवेगळं बांधून घाला, नाहीतर शिंगराच्या वाट्याचा घोडीच खाईल. आणि शिंगरू पहिल्यांदा एकटं बाहेर न्याल त्या दिवशी घोडीपुढे भरपूर रजको (लसूणघास) टाका. आम्ही मोरकीवर तसं नेलं, तेव्हा शिंगरू निमूट चाललं होतं आणि शेवंती अख्खा रस्ता डोक्यावर घेऊन खिंकाळत होती.