बेंगळुरूच्या लालबागेत झाडं बघायची तर पाटी शेवटी वाचा

बेळगावहून रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडा, सकाळी बेंगळुरूत उतरा, रेल्वे स्थानकालगतच्या मॅजेस्टिकहून हिरव्या मार्गाची मेट्रो लालबाग स्थानकावर सोडते. पाणी, टोपी, वही.

‘पुष्पप्रदर्शन असेल तेव्हाच जा’ असं बेळगावात सगळे सांगतात. मी शाळेची मुलं घेऊन दरवर्षी जातो आणि जानेवारी आणि ऑगस्टमधले ते दिवस मुद्दाम टाळतो. त्या गर्दीत मुलांना पुढच्याची पाठ दिसते, झाड दिसत नाही. १८८९ सालचं काचघर वीस मिनिटांत बघून होतं. जगभरची झाडं २४० एकरांच्या बागेत उघड्यावर उभी आहेत, दिवस तिथे घालवा. तोही पंचवीस झाडं ‘उरकायला’ नव्हे, सहा-सातच निवडा.

खरी अडचण पाटीपाशी येते. मुलं पाटी उतरवून घेतात आणि झाडाकडे न बघता पुढे पळतात. म्हणून पाटीवर वही धरून ती झाकायची. पाच मिनिटं पान, साल, फांदीची ठेवण बघायची. पान मेणचट आहे का, टोकाशी पाणी ओघळून जायला निमुळतं आहे का? हे झाड कोरड्या मुलखातलं की धो धो पावसाच्या? अंदाज वहीत लिहायचा, मगच पाटी उघडायची.

पाटी उघडल्यावरही सावध राहा. एके वर्षी चिंचेखाली उभं राहून मी मुलांना ठासून सांगितलं, ‘टॅमॅरिन्डस इंडिका, म्हणजे मूळची आपलीच.’ पुढे वाचनात आलं की चिंचेचं मूळ घर आफ्रिका. वर्गात फळ्यावर लिहून ती चूक दुरुस्त केली, पण सहलीला आलेली दोन मुलं तोवर शाळा सोडून गेली होती. ते अजून सलतं. कर्दळही ‘कॅना इंडिका’च, आणि ती अमेरिकेची; युरोपीय लोक तिकडच्या बेटांनाही इंडीजच म्हणत. आंबा ‘मँजिफेरा इंडिका’, तो मात्र खरोखर आपल्याकडचा. तेव्हा नावावरून मूळ देश ठरवू नका, घरी येऊन पुस्तकात ताडून बघा.

काटेरी झाडांपाशी मुलं सगळ्यालाच निवडुंग म्हणतात. कॅक्टसचे काटे बारीक गादीसारख्या ठिपक्यातून झुबक्याने येतात, आणि ते कूळ जवळजवळ सगळं अमेरिकेतलं. आपल्या बांधावरचा शेर आणि त्याचे काटेरी भाऊबंद युफोर्बिया कुळातले. त्यांना तसे ठिपके नसतात, मोडलं की चीक येतो. पण मोडून बघायचं नाही! तो चीक डोळ्यात गेला तर थेट दवाखाना गाठावा लागतो. ठिपकेच शोधा.

कुक पाइन दिसलं की होकायंत्र काढा. हे उंच सुचीपर्णी झाड न्यू कॅलेडोनिया बेटांवरचं, आणि ते विषुववृत्ताच्या दिशेला कलतं. म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. मुलांना ते स्वतः मोजू द्या, उत्तर आधी सांगू नका.

जेवण, फोटो, खडकावरचा केंपेगौडांचा बुरूज दुपारनंतर.

परतीच्या गाडीत झोपण्याआधी प्रत्येकाने आपल्या शेतातलं एक परदेशी झाड लिहायचं. मागच्या खेपेला निपाणीच्या मुलाने तंबाखू लिहिला, खानापूरच्या मुलीने काजू आणि येळ्ळूरच्या एकाने रताळं. तिन्ही अमेरिकेच्या भूमीतून आलेली.