रायफलीचा घसा लवकर जळू नये म्हणून

फौजेत आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करायचं काम केलं, आता परभणीत असतो. रायफल दाखवायला आणणारे सगळे नळीचं पुढचं तोंडच न्याहाळतात. खरी झीज सुरू होते मागं, काडतूस बसतं ते चेंबर संपून रायफलिंगच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा चालू होतात तिथं. हाच रायफलीचा घसा. बोअरस्कोप, म्हणजे नळीत आतून बघायची बारीक दुर्बीण घालून तीच जागा बघा. मे महिन्यात आपल्या काळ्या रानाला पडतात तशा भेगांची जाळी दिसली, की समजा काडतुसातल्या दारूच्या आगीनं पोलाद खाल्लंय.

नुसत्या नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे सिंगल बेस दारू सहसा कमी गरम जळते. दारूत मिसळलेलं नायट्रोग्लिसरीन वाढलं की जोर वाढतो, आगही. इंग्रजांच्या पहिल्या कॉर्डाइट नावाच्या दारूमध्ये ते 58 टक्के होतं. नळ्या इतक्या खराब व्हायला लागल्या, की पुढच्या एमडी, म्हणजे सुधारित कॉर्डाइटमध्ये 30 टक्क्यांवर आणावं लागलं! तेव्हा वेग थोडा कमी चालेल, पण कमी गरम जळणारी दारू निवडा. बारीक नळीमागं मोठं काडतूस असेल तर घसा आणखी लवकर जातो.

नळी हाताला सोसेना की थांबा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती लवकर निवतही नाही. काडतुसं घरी भरायच्या भानगडीत पडू नका, त्याला वेगळा परवाना लागतो. आणि गोळ्या विखरायला लागल्या तर आधी रायफलीवरच्या दुर्बिणीच्या माउंटचे, म्हणजे ती धरणाऱ्या पकडीचे स्क्रू तपासा, मग घसा.